सज्ज्यावरची डिश आणि अदृश्य कुंपण

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही जर्मनींत ऱ्हाइनकांठच्या कोलोन शहरीं कन्येकडे कांहीं आठवडे राहून आलों. जातांना इतिहासाचा कोणताहि विषय मनांत नव्हता. तेथील प्रख्यात कॅथीड्रल पाहावें, नातीस घेऊन नदीकांठीं हिंडावें, एवढाच बेत होता. परंतु तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं संध्याकाळीं एक लहानशी गोष्ट घडली. घरीं असतांना ज्या मराठी मालिकेची आम्हां उभयतांस संवय जडली आहे, ती आमच्या पत्नीनें संगणकावर लावून पाहिली. पडदा काळा झाला, आणि हा कार्यक्रम आपल्या देशांत उपलब्ध नाहीं, अशा अर्थाचें एक वाक्य त्यावर उमटलें. "आपला देश म्हणजे कोणता हो?" असें पत्नीनें विचारलें. आम्ही तीस वर्षें इतिहास शिकविला असूनहि ह्या प्रश्नास चटकन उत्तर देतां आलें नाहीं.

समोरच्या इमारतींतील एका सज्ज्यावर गंजलेली, जुनी डिश दिसत असे. तेथें एक वृद्ध तुर्की कामगार राहतो, असें कन्येनें सांगितलें. त्या डिशकडे पाहतां पाहतां आम्हांस वाटूं लागलें कीं, पत्नीच्या प्रश्नाचा कांहीं भाग ह्या सज्ज्यावरच सुटलेला असावा. पुढें त्या विषयाचें जें थोडेंबहुत वाचन झालें, त्याचा सारांश येथें देत आहों.

पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान ह्यांच्यामध्यें मजूरभरतीचा करार ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बर्लिनची भिंत उभी राहून पूर्वेकडून येणारा माणसांचा ओघ बंद पडला होता, आणि खाणींस व कारखान्यांस हात कमी पडत होते. आलेल्या लोकांस जर्मनांनीं 'पाहुणे कामगार' असें नांव दिलें. नांवांतच सारें धोरण आलें: पाहुणा म्हटला कीं तो केव्हां तरी जावयाचाच. मूळ करारांत तर तुर्की कामगारानें दोन वर्षांहून अधिक राहूं नये, अशी मर्यादाच घातलेली होती. परंतु शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनीं परत पाठविणें कारखानदारांसच परवडेना, म्हणून १९६४ सालीं ती मर्यादा काढून टाकण्यांत आली. पुढें १९७३ च्या नोव्हेंबरांत भरतीच थांबली. आतां एकदां परत गेलों तर पुनः येतां येणार नाहीं, हें ओळखून पुष्कळांनीं बायकामुलें बोलावून घेतलीं. अशा रीतीनें पाहुणे कमी करण्याच्या उपायानेंच पाहुणे घरकरी झाले.

ह्या लोकांस घरची वार्ता कशी मिळे? १९६४ सालीं कोलोनच्याच सार्वजनिक नभोवाणीनें तुर्की भाषेंत कार्यक्रम सुरू केला. त्यामागें केवळ आस्था होती असें म्हणतां येत नाहीं. पूर्व युरोपांतील साम्यवादी राष्ट्रांचीं नभोवाणी-केंद्रें परदेशी कामगारांशीं त्यांच्या त्यांच्या भाषेंत बोलूं लागलीं होतीं. त्यांस उत्तर देणें हाहि हेतु होता. नंतर कॅसेटींचा काळ आला. १९८० च्या सुमारास तुर्की चित्रपटांच्या कॅसेटी भाड्यानें देण्याचा धंदा तेथें चांगलाच फोफावला. पण कॅसेटींत आजची बातमी येत नाहीं. ती १९९० मध्यें आली. त्या वर्षीं तुर्कस्तानच्या सरकारी दूरचित्रवाणीनें परदेशस्थांसाठीं निराळी वाहिनी काढली. त्याच वर्षीं दुसरीहि एक मौज झाली. तुर्कस्तानांत दूरचित्रवाणीचा मक्ता सरकारकडेच असल्यामुळें पहिल्या खासगी वाहिनीनें आपलें चित्र जर्मनींतून उपग्रहावर चढवून मायदेशीं उतरविलें! परदेशस्थ तुर्क डिशमधून घर पाहूं लागले, तोंच घरचे तुर्कहि परदेशांतून आलेलें तुर्की चित्र पाहूं लागले. अखेर १९९३ सालीं राज्यघटना दुरुस्त करून सरकारास तो मक्ता सोडावा लागला.

डिश आली आणि तिच्या पाठोपाठ भांडण आलें. बहुतेक कामगार भाड्याच्या घरांत राहत. इमारतीचें रूप बिघडतें, भिंतीस भोंकें पडतात, केबलची सोय असतां डिश कशाला, असें घरमालकांचें म्हणणें असे; आणि तें सर्वस्वीं खोटें होतें असेंहि नाहीं. परंतु केबलवर जर्मन वाहिन्यांची गर्दी आणि तुर्की वाहिनी फार तर एखादी, अशी तेव्हांची स्थिति होती. एका तुर्की भाडेकरूचा असा वाद जर्मनीच्या सर्वोच्च घटनान्यायालयापर्यंत गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९४ रोजीं त्याचा निकाल लागला. न्यायालयानें डिश लावण्याचा सरसकट परवाना दिला नाहीं. त्यानें एवढेंच सांगितलें कीं, घरमालकाच्या मालकीहक्काचें वजन करतांना दुसऱ्या पारड्यांत परदेशी भाडेकरूचें हितहि घातलें पाहिजे. मायदेशीं काय चाललें आहे हें जाणण्याची आणि आपल्या भाषेशीं व संस्कृतीशीं नातें राखण्याची त्याची इच्छा क्षुल्लक समजतां येणार नाहीं.

ह्या निकालाचा आधार जर्मन राज्यघटनेचें पांचवें कलम हा होता. सर्वांस खुल्या असलेल्या साधनांपासून निर्वेधपणें माहिती मिळविण्याचा हक्क ह्या कलमानें प्रत्येकास दिला आहे. ही शब्दयोजना १९४९ सालची आहे, आणि तिच्यामागें एक कटु आठवण आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे पोलंडवर स्वारी झाली त्याच दिवशीं, नाझी सरकारनें परदेशी नभोवाणी ऐकणें हा गुन्हा ठरविला होता. ऐकणारास तुरुंग आणि ऐकलेली बातमी पसरविणारास प्रसंगीं देहदंडहि, अशी त्या फर्मानाची तरतूद होती. दारें-खिडक्या लावून, आवाज अगदीं बारीक करून लंडन ऐकणाऱ्या जर्मनांच्या पिढीनें पुढें जी राज्यघटना लिहिली, तींत हा हक्क स्पष्ट शब्दांनीं घातला. जर्मन माणसास परदेश ऐकतां यावा म्हणून लिहिलेलें कलम पंचेचाळीस वर्षांनीं तुर्की माणसास मायदेश पाहतां यावा म्हणून उपयोगीं पडलें. कायदा करणारांच्या मनांत जें कधीं नसतें, तें कायद्याच्या शब्दांत कसें सांपडतें, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे.

ह्याच तत्त्वास पुढें युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेंहि मान्यता दिली. स्वीडनमध्यें स्टॉकहोमजवळ राहणाऱ्या एका इराकी कुटुंबानें अरबी व फारसी कार्यक्रम पाहण्यासाठीं डिश बसविली होती. घरमालकानें हरकत घेतल्यावर त्यांनीं ती भिंतीवरून काढून स्वयंपाकघराच्या खिडकींतून बाहेर सरकवितां येईल अशा दांड्यावर बसविली. तरीहि निकाल विरुद्ध गेला आणि तीन मुलांसह त्या कुटुंबास घर सोडावें लागलें. १६ डिसेंबर २००८ रोजीं स्ट्रासबर्गच्या न्यायालयानें हा त्यांच्या माहितीच्या हक्काचा भंग ठरविला. परदेशीं वर्तमानपत्रांतून वा नभोवाणीवरून मिळणारी माहिती ही दूरचित्रवाणीची जागा पुरती घेऊं शकत नाहीं, असें त्या न्यायालयास वाटलें. आणि बातम्यांप्रमाणेंच सांस्कृतिक कार्यक्रम व करमणूक ह्यांसहि त्यानें ह्या हक्कांत स्थान दिलें.

येथें एक आक्षेप येतो, व तो विचार करण्यासारखा आहे. रोज संध्याकाळीं मायदेशच पाहत बसणारा माणूस ज्या देशाचें अन्न खातो त्या देशाचा कधीं व्हावयाचा? जर्मनींत ह्या डिशांकडे पुष्कळांनीं ह्याच दृष्टीनें पाहिलें. आम्हांसहि प्रथम हा आक्षेप पटण्याजोगा वाटला. परंतु आसू अक्सोय आणि केविन रॉबिन्स ह्या अभ्यासकांनीं युरोपांतील तुर्की प्रेक्षकांविषयीं जें लिहिलें आहे, तें वाचून आमचें मत बदललें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, रोजची दूरचित्रवाणी मायदेशाची ओढ वाढविण्याऐवजीं त्याच्याविषयींचा भ्रमच उतरविते. ज्यास घर दिसत नाहीं, तो मनांत एक सोन्याचें घर बांधतो आणि तें जपत बसतो. ज्यास रोज दिसतें, त्यास तेथील महागाई, पुढाऱ्यांची भांडणें, जाहिराती आणि रटाळ मालिका ह्याहि दिसतात. आमच्याकडे जुन्या काळीं मुंबईहून आठवड्यास एकदां टपालाची बोट विलायतेस जाई, आणि विद्यार्थी पत्राची वाट पाहत. त्या काळच्या प्रवाशांच्या लेखनांत मायदेश जितका सुंदर दिसतो, तितका तो घरीं बसलेल्यांच्या लेखनांत क्वचितच दिसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. गेल्या वीस वर्षांत डिशची जागा इंटरनेटनें घेतली. डिशसाठीं भिंत लागे, घरमालकाची संमति लागे. इंटरनेटला ह्यांतलें कांहींच लागत नाहीं. तेव्हां सज्ज्यावरचें भांडण आपोआप मिटावयास हवें होतें. परंतु उपग्रहाचें चित्र कोठें उतरतें हें पाठविणारास नेमकें कळत नसे. इंटरनेटवर मागणाऱ्या यंत्राच्या पत्त्यावरून तो कोणत्या देशांत बसला आहे हें कळतें. आणि कार्यक्रमांचे हक्क तर देशवार विकले जातात. म्हणून सीमेसीमेवर कुंपणें घालणें प्रथमच शक्य आणि फायद्याचें झालें. ब्रिटनच्या बीबीसीनें २००७ च्या नाताळांत इंटरनेटवर आपले कार्यक्रम पाहण्याची सोय केली, तीहि ब्रिटनमधील रहिवाशांपुरतीच ठेवली. युरोपीय संघानें १ एप्रिल २०१८ पासून एक नियम लागू केला: एका सभासद देशांत पैसे भरून घेतलेली वर्गणी दुसऱ्या सभासद देशांत तात्पुरत्या मुक्कामांतहि चालली पाहिजे. पण तो नियम प्रवाशापुरता आहे, कायमच्या परदेशस्थास त्याचा उपयोग नाहीं.

विक्रेत्याची बाजू आम्हांस समजते. देशवार विक्रीच्या पैशांतूनच पुष्कळ कार्यक्रम निर्माण होतात, आणि सर्व कांहीं सर्वांस फुकट मिळावें असें आमचें म्हणणें नाहीं. आमची शंका निराळी आहे. १९९४ च्या निकालानें जो हक्क राखला, तो 'सर्वांस खुल्या' साधनांपुरता होता. चित्र आकाशांत होतें. घरमालकानें तें अडवूं नये, एवढाच वाद होता. आज चित्र मुळांत खुलेंच ठेवलें जात नाहीं. त्यामुळें वृद्ध तुर्की कामगारास घरमालकाविरुद्ध जें न्यायालय सांपडलें, तें आमच्या पत्नीस त्या काळ्या पडद्याविरुद्ध कोठें सांपडणार? करमणुकीचा बाजार बाजाराच्या नियमांनीं चालो. पण निदान लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थांच्या बातम्या आणि भाषा-संस्कृतीचे कार्यक्रम ह्यांना तरी कुंपण नसावें, आणि ज्यानें मूल्य दिलें आहे त्याचें तिकीट सीमेवर फाडूं नये, असें आम्हांस वाटतें.

आमच्या जांवयांनीं त्या संध्याकाळीं एक युक्ति केली. आपला संगणक भारतांत आहे असें त्या दूरच्या यंत्रास भासविलें, आणि मालिका सुरू झाली. घर पाहण्यासाठीं आपण घरींच आहों असें खोटें सांगावें लागलें, ह्याची खंत आम्हांस वाटली. त्या दिवशींच्या भागांत सासूसुनेचा जुनाच तंटा चालला होता, आणि अर्ध्यावरच पत्नीस झोंप लागली. नातीनें संगणक बंद केला. समोरच्या सज्ज्यांतील दिवा तेव्हां जळत होता. म्हातारा जागा होता. त्याच्या डिशची तार केव्हांच तुटली आहे आणि हल्लीं तो नातवाच्या फोनवर बातम्या पाहतो, असें कन्या म्हणाली. मग ती डिश काढून कां टाकीत नाहीं, असें आम्हीं विचारलें. तिनेंहि एकदां त्यास तेंच विचारलें होतें. ती लावण्यासाठीं घरमालकाशीं तीन वर्षें भांडलों, आतां ती राहूं द्या, असें तो म्हणाला होता.