मोटारहोममधील वाहनबिघाड

मोटारहोम हेच कायमचे निवासस्थान असलेल्या प्रवाशांसाठी वाहनबिघाड म्हणजे वाहन आणि घर एकाच वेळी बंद पडणे होय. ही जीवनशैली अमेरिकेत विशेष आढळते.

कारणे
टायर फुटणे हा नेहमीचा बिघाड असून कमी हवा, अतिरिक्त भार व टायरचे वय ही त्याची प्रमुख कारणे आहेत. टायरवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात; उदा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

उपाययोजना
प्रथम वाहन रस्त्याच्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावले जातात व मागे परावर्तक त्रिकोण ठेवले जातात. मोठे मोटारहोम ओढून नेण्यास अवजड वाहनांसाठीची क्रेन लागते; त्यामुळे रस्त्यावरील मदतीची योजना घेताना वाहनाची लांबी व वजन तिच्या मर्यादेत बसते का, हे तपासणे आवश्यक ठरते. दुरुस्ती लांबल्यास निवासाचा खर्चही वाढतो, म्हणून स्वतंत्र राखीव निधी उपयुक्त असतो.

चित्रपटातील चित्रण
'नोमॅडलँड' (२०२०) या चित्रपटात नायिका फर्नची व्हॅन बिघडते. दुरुस्तीऐवजी व्हॅन विकण्याचा सल्ला तिला मिळतो. मात्र व्हॅन हेच घर असल्याने ती बहिणीकडून उसने पैसे घेते.