गिरगावच्या वाळूवरील वाद : १८५७ चे धर्मप्रवचन, विद्यार्थी आणि एक ब्रह्मचारी

१/
आज गिरगाव चौपाटीवर उभे राहून रस्त्यापलीकडे पाहिले की विल्सन कॉलेजची गॉथिक धाटणीची इमारत दिसते. ती १८८९ मध्ये पूर्ण झाली. कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन तत्पूर्वी चौदा वर्षे, १८७५ मध्ये, निवर्तले होते. इमारत उभी राहण्याच्या तीन दशके आधी याच बॅकबेच्या किनाऱ्यावर, उघड्या आकाशाखाली, मराठीत एक दीर्घ धर्मवाद झाला. ही त्याची कथा.

२/
प्रथम पार्श्वभूमी. १८१३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजासहजी शिरू देत नसे. धर्मात ढवळाढवळ झाली तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात येतील, ही भीती त्यामागे होती. १८१३ च्या सनदी कायद्याने हे दार किलकिले झाले. त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले. हॉल मराठी शिकले आणि बाजारात, रस्त्यात, देवळांच्या आसपास उभे राहून बोलू लागले.

३/
उघड्यावरचे प्रवचन ही त्या काळच्या मिशनची मुख्य पद्धत होती. तिला ना इमारत लागे, ना परवानगीचा मोठा खटाटोप. मात्र तिची एक मर्यादा लवकरच लक्षात आली. बाजारातला माणूस थांबतो, ऐकतो, हसतो आणि निघून जातो. सलग ऐकणारा, प्रश्न विचारणारा आणि उद्या पुन्हा येणारा श्रोता हवा असेल तर तो शाळेत शोधावा लागेल, असा निष्कर्ष स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढला.

४/
जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी मराठी आत्मसात केली, संस्कृत व झेंद ग्रंथांचा अभ्यास केला आणि १८३२ मध्ये इंग्रजी शाळा काढली. पुढे तिचेच विल्सन कॉलेज झाले. त्याच वर्षाच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले होते. मिशनची शाळा आणि मराठी वृत्तपत्र ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या सर्व घडामोडींत ही दोन्ही एकमेकांसमोर येत राहतात.

५/
शाळा निघण्यापूर्वीच जाहीर वादांची प्रथा पडली होती. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर या विद्वान ब्राह्मणाने विल्सन यांच्याशी वाद केला आणि नंतर ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून आपली बाजू छापील स्वरूपात मांडली. विल्सन यांनी तिला पुस्तकानेच उत्तर दिले. तोंडी वाद, मग छापील वृत्तांत, मग प्रत्युत्तर, हा क्रम मुंबईला याच काळात परिचित झाला.

६/
आता विद्यार्थ्यांकडे वळू. सरकारी शिक्षणात धर्माला स्थान नव्हते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बायबल शिकवले जात नसे. मिशन शाळेत मात्र ते शिकवले जाई. तरीही पालक मुलांना तेथे धाडत, कारण इंग्रजी येणाऱ्यास नोकरी होती. मुलगा गणित आणि इंग्रजी शिकेल, उरलेले कानाआड करील, असा घरच्यांचा हिशेब होता.

७/
१८३९ मध्ये हा हिशेब कोसळला. विल्सन यांच्या संस्थेतील दोन पारशी तरुण, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, यांनी त्या वर्षी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हलकल्लोळ उडाला. धनजीभाईंचे वय कोवळे असल्याने नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलगा स्वतःचा निर्णय घेण्याइतका समजदार आहे, त्याने हवे तेथे जावे, असा निकाल लागला.

८/
निकालाने कायद्याचा प्रश्न सुटला, घरचा सुटला नाही. होरमसजी विवाहित होते. पत्नी व लहान मुलगी त्यांना दुरावली. पालकांनी आपापली मुले शाळेतून काढून घेतली आणि वर्ग ओस पडू लागले. प्रवचन ऐकणे हा आता वेळ घालवण्याचा प्रकार राहिला नव्हता. ऐकता ऐकता एखादा मुलगा घराला कायमचा मुकू शकतो, हे शहराने पाहिले होते.

९/
१८४३ मध्ये हिंदू समाजावर तीच वेळ आली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. श्रीपत तेव्हा अगदीच लहान होता, म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतलेल्या मुलाला जातीत परत कसे घ्यावे?

१०/
येथे बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. प्रायश्चित्त देऊन मुलाला शुद्ध करून घ्यावे, असा पक्ष त्यांनी उचलून धरला. सनातन्यांनी त्यांना कडाडून विरोध केला. मुंबईची ब्राह्मण मंडळी दुभंगली. एका बारा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाने जेवण कोणाकडे केले, यावरून शास्त्रार्थ, सभा आणि वृत्तपत्री वाद झडले. परतीचा दरवाजा उघडा ठेवावा की नाही, हा खरा प्रश्न होता. आणि तो मिशनऱ्यांनी नव्हे, समाजाने स्वतःला विचारायचा होता.

११/
या वातावरणात शिकणाऱ्या पिढीचा विचार करावा. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी आपली सभा स्थापन केली. १८४९ मध्ये जातिभेद नाकारणारी परमहंस सभा गुप्तपणे काम करू लागली. बाबा पदमनजी यांच्यासारखा तरुण परमहंस सभा व मिशनची शाळा या दोन्ही वर्तुळांत वावरला आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी त्या शिक्षणातून वेगळाच मार्ग काढला, धर्मांतर केले नाही. एकाच प्रकारच्या प्रवचनातून इतक्या निरनिराळ्या वाटा फुटत होत्या.

१२/
आणि मग मुंबईत विष्णुबुवा ब्रह्मचारी आले. मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. जन्म १८२५, आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली येथे. बालपणीच वडील गेले. काही काळ दुकानात, मग सरकारी जकात खात्यात नोकरी केली. विशीतच ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात तपश्चर्येस गेले. परतल्यावर गावोगाव वैदिक धर्मावर व्याख्याने देऊ लागले. १८५६ मध्ये ते मुंबईत पोहोचले.

१३/
बुवांचे इंग्रजी शिक्षण झालेले नव्हते. पारंपरिक पाठशाळेचा पंडित म्हणूनही त्यांची ओळख नव्हती. मोरभटांच्या पिढीतला वाद हा शास्त्री आणि मिशनरी यांच्यातला होता. बुवा शास्त्र्यांच्या वतीने बोलत नव्हते. त्यांनी मिशनऱ्यांचेच साधन उचलले. त्यांनी उघड्यावर उभे राहून, सर्व जातींच्या गर्दीसमोर, चालत्याबोलत्या मराठीत प्रवचन केले.

१४/
समोर होते जॉर्ज बोवेन. हे अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईत आले. तरुणपणी ते स्वतः नास्तिक होते. मुंबईत आल्यावर त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि देशी वस्तीत अत्यंत साधेपणाने राहू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकाचे संपादन ते करीत. संध्याकाळी रस्त्यात वा किनाऱ्यावर उभे राहून बोलणे हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होता. बंगल्यात राहणाऱ्या गोऱ्या साहेबाची प्रतिमा त्यांना लागू पडत नव्हती.

१५/
१५ जानेवारी १८५७, गुरुवार. बॅकबेच्या किनाऱ्यावर, जेथे लोक संध्याकाळी हवा खायला येत, तेथे वाद सुरू झाला. तो २८ मे १८५७ पर्यंत चालला. तोही गुरुवारच होता. म्हणजे साडेचार महिने. दरम्यान १० मे रोजी मेरठला उठाव झाला होता. उत्तर हिंदुस्थानात धर्म बुडवला जात असल्याच्या शंकेने तोफा धडाडत असताना मुंबईच्या वाळूवर तोच विषय शब्दांनी लढवला जात होता.

१६/
वाद कशावर होता? मिशनरी पुराणांतील देवांच्या कथा, अवतारांचे वर्तन आणि मूर्तिपूजा यांवर बोट ठेवीत. बुवा वेद प्रमाण मानून अद्वैताच्या भूमिकेवरून उत्तर देत आणि लगेच उलट प्रश्न टाकीत. ईश्वर एक असून तीन कसा? ख्रिस्तापूर्वी जन्मलेल्यांच्या तारणाचे काय? दयाळू ईश्वर अनंतकाळची शिक्षा कशी देईल? आजवर प्रश्न विचारण्याचा मान बहुधा मिशनऱ्यांकडे असे. येथे तो दोन्हीकडे वाटला गेला.

१७/
श्रोत्यांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. इंग्रजी शाळेतला मुलगा वर्गात बायबल ऐके तेव्हा शिक्षक हा परीक्षक असे. त्याच्याशी वाद घालण्यास मर्यादा होती. घरी धर्म ऐके तेव्हा बोलणारा वडीलधारा असे. तेथे वाद घालणे हा उद्धटपणा ठरे. किनाऱ्यावर मात्र कोणी कोणाचा विद्यार्थी नव्हता. दोन प्रौढ माणसे एकमेकांच्या श्रद्धेवर जाहीरपणे प्रश्न करीत आहेत आणि ठरवायचे आहे ते ऐकणाऱ्याने, ही गोष्ट त्याला वर्गातही मिळत नव्हती आणि घरातही.

१८/
तरीही हा सामना सर्वस्वी समान होता असे मानणे चूक ठरेल. सरकार तटस्थ म्हणवत असले तरी मिशनरी राज्यकर्त्यांच्या धर्माचे होते, शाळा त्यांच्या होत्या, इंग्रजीची किल्ली त्यांच्याकडे होती. दुसऱ्या बाजूला, धर्मांतर करणाऱ्या तरुणावर जातीचा बहिष्कार कोसळे आणि त्याला संसार, वारसा, आप्त सारे गमवावे लागे. गर्दीतल्या मुलावर दोन्हीकडून दडपण होते. त्याची कोंडी कोणत्याही एका पक्षाच्या वृत्तांतात पूर्ण उतरत नाही.

१९/
वृत्तांतही दोन आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावे. बोवेन यांनी १८५७ मध्येच या चर्चांचे इंग्रजी पुस्तक छापले. बुवांच्या बाजूने ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हे मराठी पुस्तक निघाले. प्रत्येकात आपला वक्ता निरुत्तर झालेला दिसत नाही. त्यामुळे ‘कोण जिंकले’ हा प्रश्न या साधनांना विचारण्यात अर्थ नाही. कोणते प्रश्न विचारले गेले, कोणत्या भाषेत आणि कोणासमोर, याची उत्तरे मात्र दोन्ही पुस्तके एकत्र ठेवली की मिळतात.

२०/
बुवांना निव्वळ ‘धर्मरक्षक’ म्हणून निकालात काढता येत नाही. १८५९ मध्ये त्यांनी ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ लिहिला. वर्ण जन्मावरून नव्हे, गुणकर्मावरून ठरावा असे ते मांडत. परधर्मात गेलेल्यांना परत घेण्यास त्यांची अनुकूलता होती. म्हणजे श्रीपत प्रकरणात जांभेकरांनी उघडू पाहिलेला दरवाजा त्यांनीही उघडाच ठेवला. १८६७ मध्ये त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्व प्रजा एक कुटुंब व जमीन सर्वांची असा विचार मांडला. १८७१ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला.

२१/
इतरांचे काय झाले? धनजीभाई नवरोजी विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले आणि दीक्षित धर्मोपदेशक होऊन परतले. नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ मांग समाजात काम केले व तेथे बेथेल ही वसाहत उभारली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्येच प्रसिद्ध झाली आणि हिंदू विधवेचे दुःख मराठी गद्यात आले. बोवेन १८८८ मध्ये निवर्तले. अखेरपर्यंत ते हिंदुस्थानातच राहिले.

२२/
आणि त्याच १८५७ च्या जुलैमध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पुढे विल्सन तिचे कुलगुरूही झाले. ‘धर्म सोडायचा की नुसता स्वीकारायचा’ या दोनच पर्यायांत अडकलेल्या सुशिक्षितांना १८६७ मध्ये प्रार्थना समाजाने तिसरा पर्याय दिला : आपल्यातच राहून बदलायचे. किनाऱ्यावरील वादामुळेच हे घडले असे म्हणता येणार नाही. मात्र श्रद्धेचा प्रश्न जाहीरपणे, मराठीत आणि समोरच्याला उत्तराची संधी देऊन विचारता येतो, याची सवय शहराला तोवर लागली होती.

२३/
धर्मांतराचा विषय आजही निघाला की आवाज चढतो. एका बाजूस ‘फसवून बाटवले’, दुसऱ्या बाजूस ‘अज्ञानातून सोडवले’, इतक्यावर चर्चा आटोपते. १८३९ ते १८५७ या अठरा वर्षांतील कागद वाचले तर त्यात धनजीभाई दिसतात, श्रीपत दिसतो, त्यांचे वडील दिसतात, जांभेकर दिसतात. कोणी विचारांती गेला, कोणी लहान वयात ओढाताणीत सापडला, कोणी राहूनही बदलला. त्यांना एका वाक्यात बसवण्याची घाई त्यांच्या काळातही झाली होती आणि तेव्हाही तिने कोणाचे भले झाले नाही.

२४/
पुढच्या वेळी चौपाटीवर गेलात तर कॉलेजकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून क्षणभर उभे राहा. भरावामुळे किनारा बदलला आहे, रस्ता रुंदावला आहे, त्या वादाची खूण सांगणारे काही डोळ्यांना दिसत नाही. पण १८५७ च्या उन्हाळ्यात, दर आठवड्यास, कामावरून व शाळेतून सुटलेली माणसे याच बाजूला दोन परस्परविरोधी वक्ते ऐकायला जमत होती, आणि अंधार पडल्यावर आपापल्या घरी परत जाऊन ऐकलेल्यावर विचार करीत होती.

(धागा समाप्त)