शिक्षण अर्धवट सोडल्यास शुल्क व अनामत कशी परत मिळते?

हैदराबादच्या अफझलगंज परिसरात मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालय आणि १८९१ साली स्थापन झालेले, पूर्वी ‘असफिया’ नावाने ओळखले जाणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जवळच कोठी भागात पूर्वीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आवारात महिलांचे विद्यापीठ आहे. अशा परिसरात परप्रांतातून शिकायला गेलेली विद्यार्थिनी प्रवेशशुल्काबरोबरच वसतिगृहाचे भाडे, खाणावळीची आगाऊ रक्कम, ग्रंथालयाची अनामत आणि मंडळाची वर्गणीही भरते. आजारपण, घरची अडचण किंवा अन्यत्र मिळालेला प्रवेश यामुळे तिला परतावे लागले, तर या प्रत्येक रकमेचा नियम वेगळा असतो.

महाविद्यालयीन शुल्क

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार परतावा प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेवर अवलंबून असतो. या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क मिळते. मात्र प्रक्रियाखर्च म्हणून शुल्काच्या ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५,००० रुपये कापता येतात. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असता ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के रक्कम परत मिळते. त्यानंतर शुल्कावर हक्क उरत नाही. लेखी अर्जानंतर १५ दिवसांत परतावा देणे संस्थेवर बंधनकारक आहे. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही मनाई आहे.

काही वर्षी आयोग अधिक सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण शुल्क, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १,००० रुपये वजा करून उर्वरित रक्कम देण्याचे निर्देश होते. म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक आधी पाहावे.

अनामत आणि वर्गणी

अनामत रक्कम हा शुल्काचा भाग नाही. त्यामुळे वरील मुदत उलटली तरी ती पूर्ण परत करावी लागते. पुस्तके व साहित्य जमा करून ‘नाहरकत’ दाखला घ्यावा आणि मूळ पावती जपून ठेवावी.

वर्गणीचे तसे नाही. विद्यार्थी मंडळाची किंवा वाचनालयाची वर्गणी त्या संस्थेच्या नियमावलीवर अवलंबून असते आणि वापरलेल्या काळाची वर्गणी सहसा परत मिळत नाही. अमेरिकेतील ‘सोरोरिटी’ या विद्यार्थिनी-संघटनांतही सदस्यत्व सोडल्यावर भरलेली वर्गणी सामान्यतः परत केली जात नाही. सही करण्यापूर्वी नियमावली वाचणे, हाच येथे खरा उपाय आहे.

शिकवणी वर्ग

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण शुल्क भरून वर्ग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम १० दिवसांत परत करावी. वर्गाच्या वसतिगृहाचे आणि खाणावळीचे शुल्कही त्यात येते.

तक्रार कोठे करावी?

महाविद्यालयाविरुद्ध प्रथम विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा. तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. आयोगाचे ‘ई-समाधान’ संकेतस्थळही उपलब्ध आहे.

खासगी वसतिगृह किंवा शिकवणी वर्गासंबंधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. म्हणजे गोव्यात परतलेल्या विद्यार्थिनीला त्यासाठी हैदराबादला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही; मात्र ती दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र शिक्षण ही ‘सेवा’ आहे की नाही, यावर न्यायालयांत दीर्घकाळ वाद झाला आहे. त्यामुळे तेथे आयोगाचाच मार्ग आधी धरणे हिताचे ठरते.

प्रवेश रद्द केल्याची तारीख हा या साऱ्याचा कणा आहे. ती तोंडी सांगून भागत नाही. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.