बागेतल्या मातीच्या भिंतीचा इतिहास

नवीन राहायला आलेले लोक बागेतली ती बुटकी भिंत पाहून विचारतात, "हे काम अर्धवट राहिलंय का?" नाही हो! पुरं झालेलं आहे, आणि तिने बावीस पावसाळे काढलेत.

मातीची भिंत आपल्याकडे फार जुनी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची बुटक्या मातीच्या भिंतींची घरं निघाली. गावाच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणायची रीत आहे, त्यातही बांधकामाचं शहाणपण आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंतीला ती चालत नाही. मराठवाड्यातल्या गढ्या उभ्या राहिल्या त्या पांढऱ्या मातीवर. माझ्या आजोळची गढी तर लोकांनी लिंपणाला माती नेऊन नेऊन निम्मी केली.

आपली भिंत बांधली तेव्हाच्या वॉचमनच्या वडिलांनी. ते गावाकडचे गवंडी. पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यातून मुरूम निघाला होताच, चिकणमाती बाहेरून आणली. त्यात गव्हाचं काड घालून आठ दिवस भिजवलं आणि पायाने तुडवलं. बाबा एका वेळी हातभरच भिंत उचलत. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा नाही! आम्हाला घाई, त्यांना नाही. खाली दोन फूट काळ्या दगडाचं जोतं, माथ्यावर शहाबादी फरशी, दोन्हीकडे चार-चार बोटं बाहेर काढलेली. पायाला आणि डोक्याला पाणी लागलं नाही, की मातीची भिंत सहसा पडत नाही.

मध्यंतरी एका कमिटीने 'मजबुती'साठी पूर्वेच्या बाजूला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत तो फुगून पडला, आत माती ओलीचिंब. सिमेंटमधून आतली ओल बाहेर पडत नाही. शेवटी चुन्याचा गिलावा केला, तो टिकला. बाकीच्या भिंतीला दर मे महिन्यात आपण लिंपतो.

येत्या वार्षिक सभेत भिंत काढून चार गाड्यांची जागा करायचा ठराव आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, मलाही ती रोज होते. तरी माझं मत विरोधात पडेल. सभासदांनी त्याआधी पश्चिमेच्या कोपऱ्यात एकदा जाऊन यावं. तिथे बाबांच्या पंजाचा ठसा आहे, शेजारी तेव्हाच्या तिसरीतल्या चार पोरांचे. लिंपताना तेवढा भाग आपण सोडतो. त्यातली एक यंदा बाळंतपणाला बी विंगमध्ये माहेरी आली आहे.