अंगठ्याएवढी भवानी

मंडळी, आपल्या तुळजापुरातला एक पोरगा हाणामारीचा गेम बनवतोय. दोन वर्षं झाली, घरच्यांचा धीर सुटत चाललाय. ऑनलाईन दुकानात लावायचं चित्र त्यानं दाखवलं: सात राक्षस, किल्ला, आग. मोबाईलवर अंगठ्याएवढं झालं की नुसता चिखल!

म्हटलं, देवघरातला टाक बघ. महिषासुरमर्दिनी भवानी कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या बोटभर पत्र्यावर उठवली. बारकावे गाळले, देवी आणि तिचं शस्त्र ठळक ठेवलं. समईच्या उजेडातही म्हातारी आजी ओळखते.

2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' आणला. त्यातली मुलगीही दुर्गेचा त्रिशूळ घेऊनच लढते. विषय आपल्याच दारचा आहे. फक्त गर्दी काढ, बाबा. एक आकृती, एक शस्त्र, एक शत्रू. गिऱ्हाईक क्षणभरच बघतं.