नाशिकमधील लाल वाइनच्या द्राक्षजाती

महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यात लाल वाइनसाठी कॅबरने सोव्हिन्यो, शिराझ, झिन्फंडेल, मर्लो आदी विदेशी द्राक्षजातींची लागवड केली जाते. खाण्याच्या द्राक्षांच्या तुलनेत यांचे मणी लहान, रसाळ व बियांचे असतात. भारतीय बाटल्यांवर वाइनची ओळख बहुधा द्राक्षजातीच्या नावाने दिलेली असते. त्यामुळे जातींचे गुणधर्म ठाऊक असल्यास वाइनच्या चवीचा अंदाज आधीच बांधता येतो.

पार्श्वभूमी

नाशिक पूर्वीपासून थॉम्पसन सीडलेससारख्या खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. सातपूरच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुला विनयार्ड्सची स्थापना केली. या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. प्रारंभ पांढऱ्या वाइनने झाला व लाल जाती नंतर आल्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. निफाड तालुक्यातील विंचूर येथे वाइन पार्क उभारण्यात आले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

हवामानाचा परिणाम

नाशिक सुमारे २०° उत्तर अक्षांशावर, तर फ्रान्समधील बोर्दो सुमारे ४५° उत्तर अक्षांशावर आहे. युरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि तोडणी शरद ऋतूत होते. नाशिकमध्ये वेलीला अशी विश्रांती मिळत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी व पावसाळा सरताना फळछाटणी. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे मण्यांतील आम्लता टिकून राहते. मार्चमधील उन्हाने मात्र साखर झपाट्याने वाढते व आम्लता घटते.

लाल रंग व तुरटपणा

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ रंगहीन असतो. रंग सालीत असतो. त्यामुळे लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवला जातो. सालीतून व बियांतून टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरते. कच्च्या जांभळाने किंवा कोऱ्या कडक चहाने जीभ जशी आकसते, तशी जाणीव टॅनिनमुळे होते. लाल वाइनमधील जातिभेद प्रामुख्याने टॅनिन, आम्लता, मद्यार्क व सुवास यांवरून ओळखला जातो.

प्रमुख जाती

कॅबरने सोव्हिन्यो: कॅबरने फ्राँ व सोव्हिन्यो ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून ही जाती निर्माण झाल्याचे १९९७ मध्ये जनुकीय चाचणीतून सिद्ध झाले. मणी लहान व साल जाड असल्याने वाइन गडद व तुरट होते. द्राक्ष अपक्व राहिल्यास ढोबळ्या मिरचीसारखा वास येतो. ही जाती उशिरा पिकते. म्हणून उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी पूर्ण पक्वता साधणे हे बागाईतदाराचे कौशल्य ठरते.

शिराझ: फ्रान्समध्ये हिला सिरा म्हणतात. उष्ण हवामान मानवत असल्याने ही जाती नाशिकमध्ये चांगली रुजली आहे. जांभळासारख्या गडद फळांची आठवण देणारी चव आणि काळ्या मिऱ्याचा सुवास ही तिची ओळख आहे. मिऱ्यातील रोटुंडोन हे सुगंधी द्रव्यच तिच्या सालीतही आढळते.

झिन्फंडेल: ही जाती मूळची क्रोएशियातील असून इटलीत तिला प्रिमितिव्हो म्हणतात. एकाच घडातील मणी मागेपुढे पिकतात. साखर भरपूर असल्याने मद्यार्काचे प्रमाण वाढू शकते. चव पिकलेल्या फळांची व तुरटपणा बेताचा असतो.

मर्लो: ही जाती कॅबरने सोव्हिन्योपेक्षा लवकर पिकते. वाइन मृदू असते व आलुबुखाऱ्याची आठवण देते. तुरटपणा सौम्य करण्यासाठी ती कॅबरने सोव्हिन्योत मिसळतात.

तुलना

सर्वसाधारणपणे तुरटपणाच्या उतरत्या क्रमाने कॅबरने सोव्हिन्यो, शिराझ, मर्लो व झिन्फंडेल असा क्रम लावता येतो. मात्र तोडणीची वेळ व ओकच्या पिंपातील मुरवण यांमुळे तो बदलू शकतो. प्रथमच चव घेणाऱ्यास शेवटच्या दोन वाइन तुलनेने सुलभ वाटतात. मद्यार्काने मिरचीचा दाह वाढतो. म्हणून झणझणीत रश्श्यासोबत जास्त मद्यार्काची वाइन अधिक जहाल भासते.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा संकेत युरोपातील थंड घरांना अनुसरून आहे. योग्य तापमान सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस असल्याने नाशिकच्या उन्हाळ्यात बाटली काही काळ शीतकपाटात ठेवणे इष्ट ठरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने

वेल एकदा लावली की अनेक वर्षे उत्पन्न देते; त्यामुळे जातीची निवड हा दीर्घकालीन निर्णय असतो. बारीक, बियांची ही द्राक्षे खाण्यासाठी खपत नाहीत व बेदाण्यालाही चालत नाहीत. वायनरीने खरेदी नाकारल्यास शेतकऱ्यास दुसरी बाजारपेठ उरत नाही. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. म्हणून लागवडीपूर्वी वायनरीशी खरेदीचा करार करणे महत्त्वाचे मानले जाते.

आरोग्य

मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. लाल वाइनही त्यास अपवाद नाही.