रस्ता कुणाच्या बापाचा?

पादचाऱ्यांसाठी, सायकलींसाठी रस्ते हवेत असा विषय निघाला की आपले कार्यकर्ते म्हणतात, हा कोथरूड-बांद्र्याच्या लोकांचा छंद, आपल्याला काय त्याचे? आम्हाला हे मान्य नाही. रस्त्यावरून नुसते चालण्यासाठी या देशात आपल्या माणसांइतकी किंमत कुणी मोजली?

पेशवाईतल्या पुण्याबद्दल बाबासाहेबांनी 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) लिहिले आहे. अस्पृश्याच्या कंबरेला झाडू, पावलांची धूळ पुसायला. गळ्यात मडके, थुंकायला. त्रावणकोरात वाहनातून जाणे हाही सवर्णांचाच हक्क. १८९३ साली अय्यंकाली स्वतःची बैलगाडी घेऊन त्या रस्त्यावर उतरले. मग ३० मार्च १९२४ ला वैकोम सत्याग्रह. मागणी मंदिरप्रवेशाची नव्हतीच, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याची होती. ख्रिस्ती आणि मुसलमान तिथून खुशाल जात. पहिल्या दिवशी एक पुलय, एक इळवा, एक नायर असे तिघे निघाले, तिघांनाही अटक. पुढे पेरियारही तुरुंगात गेले. १९२५ च्या तडजोडीत तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा मात्र बंदच राहिला. विजयाच्या गोष्टी सांगणारे हा चौथा रस्ता सहसा गाळतात.

इकडे १९२३ चा बोले ठराव आला. त्याचा आधार साधा होता: सरकारी पैशातून जे चालते ते सर्वांचे. याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी २० मार्च १९२७ ला महाडचा मोर्चा चवदार तळ्यावर गेला. हेच तत्त्व संविधानाच्या कलम १५(२) मध्ये आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत तिथे 'रस्ते' हा शब्द स्पष्ट आहे.

आता मुंबई पाहा. सरकारी महामंडळाने बांधलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर २००९ पासून मोटार धावते. पायी माणूस, सायकल, दुचाकी यांना बंदी. ही अस्पृश्यता नव्हे, तुलना ताणू नये. तिथे जन्म आडवा येत होता, इथे खिसा येतो. पण रिकाम्या खिशाचे लोक कोणत्या वस्त्यांत राहतात, हे आम्ही सांगायची गरज आहे काय? पहाटे पायी किंवा सायकलवर कामाला निघणारा सफाई कामगार उड्डाणपुलाखालच्या फुटपाथ नसलेल्या रस्त्याने जातो, तोही करदाताच.

छंदिष्टांशी आमचे भांडण वेगळे आहे. फुटपाथ मोकळा करा म्हणताना त्यांना आधी भाजीवाली दिसते, फुटपाथवर चढवलेली मोटार नंतर. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचे संरक्षण आहे. फुकट पार्किंग हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही. प्रभागाच्या बजेटवर चर्चा होते तेव्हा आपल्या वस्तीच्या फुटपाथसाठी किती रुपये ठेवलेत, एवढे विचारायला आपली चार पोरे तिथे हवीत.